मिलियन डॉलर हात, आणि हात वर करणारे

या विकांताला दोन सिनेमे लागोपाठ पाहिले. दोन्ही बेसबॉलचे, दोन्ही परदेशातून अमेरिकेत गेलेल्या पोरांचे. पहिला 'मिलियन डॉलर आर्म' (२०१४, डिस्ने). दुसरा 'शुगर' (२००८). पहिला आपल्याकडच्या बऱ्याच मंडळींनी पाहिलाय आणि डोळे पुसत पाहिलाय. माझं म्हणणं असं की तो रडण्याच्या नाही, चिडण्याच्या लायकीचा आहे. का ते सांगतो.

गोष्ट खरी आहे. जे. बी. बर्नस्टीन नावाच्या अमेरिकन स्पोर्ट्स एजंटने २००७-०८ मध्ये भारतभर चेंडू फेकण्याची स्पर्धा घेतली. सदतीस हजारांवर पोरं आली म्हणतात. अंतिम फेरी आपल्या मुंबईत. जिंकला रिंकू सिंग, सोबत दिनेश पटेल. दोघेही उत्तर प्रदेशातले, दोघेही भालाफेकवाले. बेसबॉल म्हणजे काय हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. रिंकूला एक लाख डॉलर मिळाले. पुढे कॅलिफोर्नियात टॉम हाउस या कोचकडे तालीम, आणि नोव्हेंबर २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सचा करार. अमेरिकेत व्यावसायिक बेसबॉलचा करार मिळवणारे पहिले भारतीय. कमालच आहे, वादच नाही.

पण सिनेमाचा हिरो कोण? तर एजंट! जॉन हॅमचा धंदा बुडतोय, जॉन हॅमला प्रेम सापडतंय, जॉन हॅमला माणुसकी समजतेय. पोरं काय करतात? लिफ्ट बघून चकित होतात, पिझ्झा खातात आणि साहेबाला सुधारतात. करार झाला की सिनेमा संपला. टाळ्या.

अहो, पण खरी गोष्ट तर तिथून सुरू होते ना! रिंकूने जुलै २००९ मध्ये एक सामना जिंकला, अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये असं करणारा पहिला भारतीय. दिनेशला २०१० च्या अखेरीस संघाने सोडलं, तो घरी परतला. रिंकू मायनर लीगमध्ये घासत राहिला, मग कोपर गेलं, शस्त्रक्रिया झाली. २०१८ मध्ये तो कुस्तीच्या शोमध्ये, डब्ल्यूडब्ल्यूईत दाखल झाला. मेजर लीगच्या मैदानावर दोघांपैकी एकही कधी उतरला नाही. यात त्यांचा दोष काडीचाही नाही. करार झालेल्यांपैकी बहुतेकांचं हेच होतं. आणि हेच डिस्नेला सांगायचं नव्हतं.

'शुगर' हेच सांगतो. डॉमिनिकन रिपब्लिकचा मिगेल सांतोस, टोपणनाव शुगर, क्लबच्या अकादमीतून थेट आयोवातल्या शेतांमध्ये, एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरी. इंग्रजी येत नाही म्हणून हॉटेलात रोज फ्रेंच टोस्टच मागवतो, कारण तेवढंच नाव येतं. पाय दुखावतो, फेक बिघडते, मागून दुसरा पोरगा आलेलाच असतो. शेवटी शुगर न सांगता बस पकडून न्यूयॉर्कला जातो. तिथे भांडी घासतो आणि सुट्टीच्या दिवशी आपल्यासारख्याच 'उरलेल्यां'बरोबर खेळतो. ना टाळ्या, ना साहेबाचं हृदयपरिवर्तन. एजंट तर कुठेच नाही. कॅमेरा पूर्णवेळ पोरावर. बास, एवढाच फरक, पण त्याने सगळी गोष्टच बदलते.

आता तुम्ही म्हणाल, "एजंट नसता तर पोरं गावातच राहिली असती की. चार पैसे तरी मिळाले." मान्य. दलालाने दलाली घेऊ नये असं मी म्हणतच नाही. आमच्या छावणीत गुरुवारी जनावरांचा बाजार भरतो. तिथेही दात बघून भाव ठरतो, दलाल आपला हिस्सा घेतो. पण बाजारात बैलाला कोणी "तुझं स्वप्न पूर्ण करतोय" असं सांगत नाही! माझा आक्षेप कमाईला नाही, जोखमीच्या वाटणीला आहे. पोरगा चालला तर सगळ्यांचं नाव. नाही चालला तर सगळ्यांचे हात वर, आणि रिकामा हात घेऊन घरी जाणार एकटा पोरगा. अमेरिकन पोरगा शाळेतून थेट संघात जाताना पुढच्या कॉलेजची फी करारात लिहून घेऊ शकतो. डॉमिनिकन पोरगा सोळाव्या वर्षी सही करतो. त्याच्या वतीने असं काही लिहून घेणारा बहुतेक वेळा कोणी नसतो.

आपण आयटीवाल्यांनी तर हे पटकन ओळखायला हवं. आपणही व्हिसावर जातो, बेंचवर बसतो, प्रोजेक्ट संपलं की धडधड वाढते. फरक एवढाच की आपल्या खिशात डिग्री असते. सौरभ नेत्रावळकरचंच घ्या. २०१० चा अंडर-१९ वर्ल्डकप खेळला, मुंबईकडून रणजी खेळला, मग कॉर्नेलला शिकायला गेला, ओरॅकलमध्ये इंजिनीअर झाला. आणि ६ जून २०२४ ला अमेरिकेकडून सुपर ओव्हर टाकून पाकिस्तानला १३ वर रोखलं. त्या दिवशी प्रत्येक फॅमिली ग्रुपवर एकच फॉरवर्ड: "बघ, आधी शिक्षण, मग खेळ!"

हे तात्पर्य चुकीचं आहे, मंडळी. त्याला अमेरिकेत क्रिकेटने नाही, डिग्रीने नेलं. म्हणजे हरायची सोय आधी होती, म्हणून तो मोकळेपणाने खेळू शकला. तात्पर्य 'खेळू नका' हे नाही. तात्पर्य हे की प्रत्येक खेळाडूला हरायची सोय हवी. ती ज्याच्या घरात नाही, त्याला ती करारातून मिळाली पाहिजे.

आणि हे अशक्य वगैरे काही नाही. २०१८ मध्ये अमेरिकन संसदेने मायनर लीगच्या खेळाडूंना किमान वेतनाच्या कायद्यातून बऱ्याच अंशी वगळलं होतं. सप्टेंबर २०२२ मध्ये हेच खेळाडू युनियनमध्ये आले आणि २०२३ च्या करारात सिंगल-ए चा पगार वर्षाला ११,००० डॉलरवरून २६,२०० झाला. कोणा एजंटला माणुसकी समजली म्हणून नाही, खेळाडू एकत्र आले म्हणून.

हे सगळं छावणीत बसून का लिहितोय? कारण आपल्याकडे सॉफ्टबॉल-बेसबॉल खेळणारी पोरं आहेत, साईचं केंद्र याच शहरात आहे. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये दोन्ही खेळ परत येताहेत. दुबईतल्या लीगमध्ये मुंबईच्या नावाचा संघही आहे. म्हणजे स्पीडगन घेतलेले साहेब पुन्हा येणार. आपल्या आईबापांकडे आज सोय म्हणून काय आहे? दहावीचे वाढीव क्रीडागुण आणि सरकारी नोकरीतलं पाच टक्के आरक्षण. त्याला नावं ठेवणाऱ्यांनी आधी दुसरी सोय दाखवावी.

तेव्हा पोराला कोणी न्यायला आलं, तर हुरळून जायच्या आधी तीनच गोष्टी विचारा. दुखापत झाली तर दवाखान्याचा खर्च कोणाचा? दोन वर्षांनी काढून टाकलं तर शिक्षणाचं काय? आणि हे कागदावर लिहून देता का? तिसऱ्या प्रश्नाला साहेब हसून विषय बदलायला लागले, तर चहा पाजा आणि दार दाखवा.