मुदत ३० जून, संध्याकाळी पाच

आपल्या संस्थेचे अध्यक्ष, सचिव, विश्वस्त आणि मुख्याध्यापक यांना पालकांचा हा जाहीर इशारा आहे. खासगीत बोलून झालं आहे. आता सगळ्यांसमोर.

गेल्या सत्रात आपल्या शाळेतली एक मुलगी शाळेत पाणी पिईनाशी झाली. सकाळी भरून दिलेली बाटली संध्याकाळी तशीच भरलेली घरी यायची. आईने आठ-दहा दिवस रागावून पाहिलं, मग जवळ घेऊन विचारलं. पाणी प्यायलं की बाथरूमला जावं लागतं, दाराला कडी नाही, आणि बाहेर ‘ते काका’ उभे असतात. मुली असंच सांगतात. पोट दुखतं म्हणतात, शाळेत जायचं नाही म्हणतात, बाटली भरलेली परत आणतात. त्यातून काय ते मोठ्यांनी ओळखायचं असतं.

वर्गशिक्षिकेने ओळखलं. तिने त्याच दिवशी मुख्याध्यापकांना सांगितलं, त्यांनी संस्थेच्या कार्यालयाला कळवलं. कार्यालयाने त्या माणसाला संस्थेच्याच दुसऱ्या शाखेत हलवलं आणि आईला सांगितलं, ‘ताई, लेखी काही देऊ नका, मुलीचंच नाव खराब होईल.’ त्या दुसऱ्या शाखेतही मुली शिकतात, हे तुमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नाही का?

तुम्ही याला समजूतदारपणा म्हणता. कायदा याला गुन्हा म्हणतो. २०१२ च्या पॉक्सो कायद्याचं कलम १९ वाचा. पुरावा हातात येईपर्यंत थांबायला ते सांगत नाही. गुन्हा घडल्याचं कळलं, किंवा घडेल अशी नुसती शंका आली, तरी पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संस्थेचा प्रमुख आपल्या हाताखालच्या माणसाबद्दल गप्प राहिला, तर एक वर्षापर्यंत, शिवाय दंड. ‘अंतर्गत चौकशी चालू होती’ हे त्यावरचं उत्तर नाही. चौकशी पोलिसांची, तुमचं काम कळवण्याचं. हे कलम आम्हालाही लागू आहे, म्हणून आम्हाला जे कळलं ते काल लेखी पोलिसांकडे दिलं आहे.

बदलापूर विसरलात? ऑगस्ट २०२४. चार वर्षांच्या दोन मुली, शाळेच्या स्वच्छतागृहात त्यांच्यावर लैंगिक अत्याचार, आणि आरोपी त्याच महिन्यात कंत्राटावर आलेला सफाई कर्मचारी. आईबाप तक्रार नोंदवून घ्यावी म्हणून पोलीस ठाण्यात तासन् तास ताटकळले. २० ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले तेव्हा सरकार हललं, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. आरोपी पुढच्याच महिन्यात पोलिसांच्या गोळीने मेला आणि त्याच्यावरचा खटला कधी चाललाच नाही. पण कळूनही पोलिसांना का कळवलं नाही, हा प्रश्न शाळेच्या विश्वस्तांना विचारला गेला आणि त्यांच्यावरही गुन्हा नोंदला गेला. तुमच्या खुर्च्याही तशाच आहेत.

त्यानंतर सरकारने सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती हे सगळं शाळांना बजावलं. आपल्या शाळेत कॅमेरे आहेत, पण जिन्याखालचा आणि मागच्या फाटकाचा बंद आहे. समितीच्या फलकावर निवृत्त झालेल्या बाईंचं नाव अजून आहे. तक्रारपेटी मुख्याध्यापकांच्या दारासमोर आणि तिची किल्ली त्यांच्याच खणात. ज्याच्या नजरेसमोर चिठ्ठी टाकायची त्याच्याचबद्दल मुलाला काही सांगायचं असेल, तर त्याने काय करावं?

म्हणून ३० जून, संध्याकाळी पाचपर्यंत आम्हाला हे हवं आहे. त्या माणसाला दोन्ही शाखांतून, मुलांच्या वाऱ्यालाही उभं राहू न देता, दूर ठेवल्याचं लेखी पत्र. शिपाई, सफाई कामगार, बसचे चालक आणि मदतनीस, खेळाचे बाहेरचे प्रशिक्षक, अशा प्रत्येकाच्या पोलीस पडताळणीची यादी. कंत्राटदाराची माणसं ‘आमची नव्हेत’ हे आम्ही ऐकून घेणार नाही. मुलींच्या स्वच्छतागृहाला कड्या आणि शाळा चालू असेपर्यंत तिथे एक मावशी. कड्यांचा खर्च वार्षिक स्नेहसंमेलनाच्या मांडवापेक्षा नक्कीच कमी आहे. तक्रारपेटी पाण्याच्या टाकीजवळ, जिथे मुलं एरवीही जातात, आणि ती उघडताना पालकांचे दोन प्रतिनिधी हजर. आणि ज्या शिक्षिकेने तोंड उघडलं तिला मेमो, बदली, वेतनवाढ रोखणं, यातलं काहीही झालं तर ती आम्ही आमच्यावरची कारवाई समजू.

आणखी एक. फी थकली म्हणून मुलांना वर्गाबाहेर बसवणं आजपासून बंद. त्याला मुदत नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ मारहाणीइतकंच मानसिक छळालाही मनाई करतं. हिशेब आमच्याशी करा.

पालकांनाही सांगतो. त्या मुलीची ओळख पटेल असा एक शब्दही ग्रुपवर टाकू नका, टाकलात तर तक्रार तुमच्याविरुद्धही होईल. त्या माणसाच्या घरावर कुणी चालून जायचं नाही. तुमच्या मुलाने काही सांगितलं तर त्याच्याकडून ते दहा जणांसमोर पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका. १०९८ ला फोन करा, पोलिसांत जा. मुलाचा जबाब घरी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेशाशिवाय घ्यावा असं कायदाच सांगतो. तसंच मागा.

मुदत टळली तर १ जुलैला आमची तक्रार शिक्षणाधिकारी, बालकल्याण समिती आणि राज्य बालहक्क संरक्षण आयोग यांच्याकडे जाईल, कोण काय केव्हा बोललं याच्या तारखांसह. मुलांना आम्ही घरी बसवणार नाही. चूक तुमची, वर्ग त्यांनी का बुडवावा? मुलं येतील आणि त्यांच्याबरोबर आम्हीही येऊ. मुलींच्या स्वच्छतागृहाबाहेरच्या व्हरांड्यात रोज दोन आया बसतील. आत येऊ दिलं नाहीत तर फाटकाशी बसतील. पहिली पाळी सकाळी सातची आहे आणि जुलै महिन्याच्या सगळ्या पाळ्यांची नावं लिहून झाली आहेत.