पोवळें घरांत पोसावें काय ?

बेंबळीपासून समुद्र तीनशें किलोमीटरांहून अधिक दूर; तरी पोवळें आपल्या गांवांत कोणास अपरिचित आहे असें नाहीं. सोनाराच्या पेटींत तें असतें, मंगळाच्या आंगठींत असतें, आजीबाईंच्या जुन्या माळेंत असतें. मात्र तो खडा नसून एका प्राण्याचा सांगाडा आहे, असें सांगितलें तर पुष्कळ जण हंसतात. त्यांत त्यांचा दोष नाहीं. १७२६ च्या सुमारास पेसोनेल नांवाच्या फ्रेंच वैद्यानें हीच गोष्ट पॅरिसच्या विद्वत्सभेस कळविली, तेव्हां रेओम्यूर या थोर पंडितानें त्याचें नांव जाहीर करण्याचेंहि टाळलें. बिचाऱ्याचें हंसें होऊं नये, एवढाच म्हणे हेतु होता !

अलीकडे पोवळ्यानें आमच्या विद्यार्थ्यांच्या मनांत निराळ्या वाटेनें प्रवेश केला आहे. फोनच्या पडद्यावर निळ्या उजेडांत डोलणारे जिवंत पोवळ्यांचे बगीचे ते पाहतात, आणि घरीं तशी कांचेची पेटी हवी म्हणून वडिलांपाशीं हट्ट धरितात. दोघां-तिघां पालकांनीं याविषयीं आम्हांस विचारिलें, म्हणून हा लेखनप्रपंच. आमचें मत प्रथमच सांगून टाकतों : पेटी घेऊं नये, पण मुलाचें कुतूहलहि मोडूं नये.

पोवळ्यास खावयास काय घालावयाचें, हा मुलांचा पहिला प्रश्न. समुद्रांत भिंती उभारणाऱ्या पोवळ्यांच्या अंगांत सूक्ष्म शैवल राहतें. दिवसां उजेडांत तें अन्न तयार करितें व त्यांतील मोठा वांटा यजमानास देतें. यजमान त्यास आसरा व आपल्या उत्सर्गांतील नत्र देतो. रात्र पडली कीं पोवळें तोंडाभोंवतालचे दंश करणारे तंतु पसरून पाण्यांतले बारीक जीव धरून खातें. म्हणून पेटींतल्या पोवळ्याचा मुख्य आहार दिव्याचा उजेड. वर आठवड्यांतून एकदोन वेळां आर्टेमिया नांवाच्या, कोळंबीच्या जातकुळींतल्या इवल्या जीवाचीं नुकतीं फुटलेलीं पिलें नळीनें त्याच्या तोंडाशीं सोडावयाचीं. ममतेनें अधिक घातलें तर उरलेलें सडतें, पाण्यांत नत्र व स्फुरद वाढतात, शेवाळ माजतें आणि पोवळें मरतें. दागिन्यांतल्या तांबड्या पोवळ्याची तऱ्हा याहून वेगळी. तें भूमध्य समुद्रांतील अंधाऱ्या कपारींत वाढतें, त्याच्या अंगीं शैवल नसतें. धरलेल्या घांसावरच तें जगतें, आणि वर्षाकांठीं त्याची जाडी एक मिलिमीटरहि वाढत नाहीं. आंगठींतल्या टिकलीएवढ्या मण्यामागें किती वर्षें गेलीं असतील, याचा हिशेब गणिताच्या विद्यार्थ्यांनीं करावा.

वाढावयाचें तर सांगाड्यासाठीं पाण्यांतून चुना घ्यावा लागतो. समुद्राच्या एका लिटर पाण्यांत सुमारें ४२० मिलिग्रॅम कॅल्शियम असतें. पेटींत तें रोज खर्च होतें व मोजून भरावें लागतें. "आपल्या बोअरच्या पाण्यांत चुना मुबलक आहे, मग अडचण कोणती ?" असें एका चतुर विद्यार्थ्यानें विचारिलें. प्रश्न चांगला आहे. अडचण अशी कीं, त्या पाण्यांत चुन्यासवें आणखी काय काय आहे, हें मोजल्यावांचून कळत नाहीं. म्हणून जाणते लोक आधीं पाणी यंत्रानें शुद्ध करितात व मग त्यांत लिटरास ३५ ग्रॅम याप्रमाणें समुद्री मीठ मिसळितात. दोनशें लिटरांच्या पेटीस सात किलो मीठ झालें ! आणि साध्या यंत्रांतून एक लिटर शुद्ध पाणी मिळावें तर दोन-तीन लिटर वाहून जातें. पुढें उडून गेलेलें पाणी रोज भरावयाचें, तेंहि शुद्धच, कारण वाफ होतांना मीठ मागें राहतें. २०१६ सालीं शेजारच्या लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, हें ज्यांस आठवतें त्यांस आणखी काय सांगावें ?

उष्णतेचीहि गोष्ट आहेच. पोवळ्यास २४ ते २७ अंश मानवतें, आणि आमचा वैशाख चाळिसाच्या पलीकडे जातो. समुद्राचें पाणी नेहमींच्या उन्हाळ्याहून एखादा अंश अधिक तापून तसेंच कांहीं आठवडे राहिलें, तरी शैवल पोवळ्याचें अंग सोडून जातें व तें पांढरें पडतें. १९९८ सालीं जगभर असें झालें, आणि २०२४ च्या एप्रिलांत शास्त्रज्ञांनीं अशी चौथी जागतिक आपत्ति जाहीर केली. मग बेंबळींत वीज गेली असतां पेटीचें काय होईल !

कायद्याचाहि विचार हवा. भिंती बांधणारीं सर्व पोवळीं २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत आहेत, म्हणजे त्यांस वाघाच्या पंक्तीस बसविलें आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोंवतींच्या सुमारें २९ चौरस किलोमीटर समुद्रास १९८७ सालीं मालवण सागरी अभयारण्य म्हणून संरक्षण मिळालें. तेथें सहलीस गेल्यावर पाण्यांत पोवळ्यावर पाय रोवून उभें राहणें किंवा आठवण म्हणून तुकडा खिशांत घालणें, हे बारीकसे अपराध नव्हेत.

हौशी लोकांवर आम्ही अन्याय करूं इच्छीत नाहीं. फांदीचा तुकडा तोडून नवी वसाहत वाढविण्याची रीत त्यांनींच घरच्या पेट्यांत पुष्कळ सुधारली. पोवळें जागचें हलवितां येतें, हें आतां मुंबईनेंहि पाहिलें आहे : २०२० सालीं किनारा-मार्गासाठीं वरळी व हाजी अली येथील १८ वसाहती गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या साहाय्यानें उचलून दुसरीकडे रोवण्यांत आल्या.

मग बेंबळीच्या मुलानें काय करावें ? त्यानें हायड्रा पाळावा. हा पोवळ्याचा गोड्या पाण्यांतला भाऊबंद. उंची बोटाच्या पेराहूनहि कमी. तोंडाभोंवतीं तसेच दंश करणारे तंतु. आणि याच्या हिरव्या जातीच्या अंगांत तर पोवळ्याप्रमाणेंच शैवल राहतें. १७४० सालीं हॉलंडांत दोन मुलांस शिकवीत असतां त्रेंब्ले नांवाच्या शिक्षकानें याचे तुकडे केले, तों प्रत्येक तुकड्याचा पुरा प्राणी झाला. हा प्राणी पाहिल्यावरच रेओम्यूरचें मत फिरलें व पेसोनेलास त्याचें श्रेय मिळालें.

पावसाळा सरल्यावर संथ, स्वच्छ तळ्यांतील पाणवनस्पति थोड्या पाण्यासह कांचेच्या बरणींत घालाव्या. बरणी उजेडांत पण उन्हाआड ठेवावी. नळाचें ताजें पाणी घालूं नये, त्यांतील औषध बाधतें. हायड्रा असल्यास एकदोन दिवसांत कांचेस चिकटलेला दिसेल. त्यास पाणपिसवा द्याव्या, दुसऱ्या दिवशीं उरलेलें काढून पाणी बदलावें, आणि पोट भरल्यावर त्याच्या कुशींतून अंकुर किती दिवसांत फुटतो हें वहींत लिहावें. ज्यांस हायड्रा सांपडेल त्यांनीं बरणी शाळेंत आणावी. सूक्ष्मदर्शक मधल्या सुटींत मोकळाच असतो.