लाडू लपवू नका, सांगा!

परवा भिशीत सावेडीच्या एक काकू भेटल्या. लेकीच्या बाळंतपणासाठी पहिल्यांदाच ऑस्ट्रेलियाला जाऊन आल्या होत्या. नातीचं कौतुक सांगता सांगता एकदम डोळे भरून आले. “अगं, चोरासारखं उभं केलं गं मला!”

झालं असं, की विमानात फॉर्म आला. खाण्याचं काही आणलंय का, हा प्रश्न होता. शेजारच्या बाई म्हणाल्या, “सरळ ‘नाही’ लिहा, कटकट नको.” काकूंनी लिहिलं. उतरल्यावर कस्टमवाल्यांनी बॅग उघडायला लावली. आत लाडू, साजूक तूप, घरचे मसाले! काही वस्तू गेल्या, वर दंडही बसला.

मला वाटतं, चूक लाडवांची नव्हती, त्या ‘नाही’ची होती. पदार्थ आधी सांगितला आणि तो चालत नसला, तर तिथे फक्त काढून घेतात. दंड लपवण्याचा असतो. अमेरिकेत तर तो दहा हजार डॉलरपर्यंत जाऊ शकतो.

नियमांमागे कारणंही असतात. ताजा कढीपत्ता अमेरिकेत नेता येत नाही. तो लिंबाच्याच कुळातला. त्याच्यावरच्या बारीक किडीमुळे संत्र्या-लिंबाच्या बागांत रोग पसरतो. श्रीगोंद्याच्या लिंबूवाल्यांना हे वेगळं सांगायला नको! आणि दुबईला लेक असेल, तर डिंकाच्या लाडवात खसखस मुळीच घालू नका. आपल्या स्वयंपाकघरातली साधी खसखस तिथे अमली पदार्थांच्या यादीत आहे. थेट तुरुंगाची वेळ येऊ शकते.

दागिन्यांचंही तसंच. पाटल्या, मंगळसूत्र घालून जाणार असाल, तर निघतानाच आपल्या विमानतळावर कस्टमकडे दाखवून दाखला घ्या. म्हणजे परतताना ‘हे सोनं तिकडून घेतलं का?’ हा प्रश्नच उरत नाही.

मुलं तिकीट काढून देतात, व्हीलचेअर सांगून ठेवतात. पण आईला हे चार नियम मात्र कोणी समजावत नाही. आणि आपणही विचारत नाही! बचत गटाच्या बैठकीत मी बायकांना नेहमी सांगते, वाचल्याशिवाय सही करायची नाही. मग विमानातल्या फॉर्मवर तरी दुसऱ्याच्या सांगण्यावरून खूण का करायची? इंग्रजी येत नसेल तर निघण्यापूर्वी घरीच समजून घ्या. पिशवीतल्या वस्तूंची यादी इंग्रजीत लिहून पर्समध्ये ठेवा.

मैत्रिणींनो, लाडू गेले तर पुन्हा वळता येतील. पण मान खाली घालून लेकीच्या दारात जायची वेळ कोणावर येऊ नये. पटतंय ना?