एक रात्र की सात रात्री?

कलावंताचे खरे सामर्थ्य कोठे प्रत्ययास येते? रॉक संगीतातील 'येस' या जुन्या वाद्यवृंदाच्या दोन मुद्रित मैफली ऐकताना हा प्रश्न माझ्या मनात वारंवार उभा राहिला.

'येस'ची स्थापना १९६८ साली लंडन येथे झाली. १९७२ मध्ये 'क्लोज टु द एज' ही ध्वनिमुद्रिका पूर्ण होताच तालवादक बिल ब्रुफर्ड यांनी वाद्यवृंद सोडला. त्यांच्या जागी आलेल्या अ‍ॅलन व्हाइट यांना पहिल्या मैफलीपूर्वी अवघे तीन दिवस मिळाले. बसवायची होती ती रचना सुमारे अठरा मिनिटांची, आणि तिच्यातील लयीची वळणे भल्याभल्यांस चकविणारी!

त्या वर्षीच्या मैफलींमधून निवड करून १९७३ साली 'येससाँग्ज' हा तीन तबकड्यांचा संच निघाला. तो भव्य आहे, यात शंका नाही. परंतु त्यात निरनिराळ्या रात्रींचे वादन एकत्र जोडलेले आहे. काही ठिकाणी तर तालवादकही ब्रुफर्ड आहेत. म्हणजे आपण जी मैफल ऐकतो, ती प्रत्यक्षात कधी झालीच नाही!

२०१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'प्रोजेनी' या संचाची गोष्ट निराळी. ३१ ऑक्टोबर ते २० नोव्हेंबर १९७२ या काळातील टोरांटोपासून युनियनडेलपर्यंतच्या सात मैफली त्यात चौदा तबकड्यांवर संपूर्ण दिल्या आहेत. तेच वादक, त्याच रचना, सात वेळा! हा कंटाळवाणा प्रकार आहे, असे कोणी म्हणेल. आणि केवळ करमणूक हवी असेल, तर त्याचे म्हणणे खोटे नाही. पण लक्षपूर्वक ऐकावे, म्हणजे तीच रचना रोज नव्याने सिद्ध करावी लागते, कालचे यश आज उपयोगी पडत नाही, हे उमगते. तीन दिवसांच्या तयारीवर उभा राहिलेला तालवादक काही महिन्यांत कोठवर पोहोचला, हेही तेथेच कळते.

माझे मत स्पष्ट आहे. 'येससाँग्ज' ही सुवाच्य अक्षरात उतरवून काढलेली वही आहे, तर 'प्रोजेनी' ही कच्ची वही. पाहुण्यांना आपण पहिली दाखवितो. परंतु ज्याला शिकावयाचे आहे, त्याने दुसरीच मागून घ्यावी. कारण उत्तर कसे आले, ते तिच्यातच लिहिलेले असते.