यतीमाचा वकील कोण?

घरातला कर्ता गेला की चाळिसावा होण्याआधीच शेताचा, घराचा, विम्याच्या पैशाचा विषय निघतो. चाचा म्हणतात, ‘मुलांचं आम्ही बघू.’ आई गप्प राहते. ज्याचा हिस्सा, त्या लेकराला मात्र कोणी विचारत नाही.

आई आहे म्हणजे तिची सही चालते, असा आपल्यात समज आहे. तो चुकीचा आहे. हिजानत, म्हणजे लहान मुलांचा सांभाळ, आईकडे असला तरी मालमत्तेची विलायत बाप, त्याने नेमलेला वसी आणि दादा यांच्याकडे जाते. आईने स्वतःहून केलेली मुलाच्या हिश्शाची विक्री मुलावर बंधनकारक नाही, असे प्रिव्ही कौन्सिलने १९१८ मध्येच ठरवले. चाचाचीही तीच गत. म्हणून १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली कोर्टात अर्ज करावा लागतो. आईही तो करू शकते. नेमणूक झाल्यावरसुद्धा जमीन विकायला कोर्टाची आगाऊ परवानगी लागते.

‘वकिलाला पैसे कुठून आणू?’ हा प्रश्न आम्ही नेहमी ऐकतो. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने स्त्रिया व मुलांना मोफत वकील मिळतो. त्यांना उत्पन्नाची अट नाही. तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज द्यावा किंवा १५१०० वर फोन करावा. या वकिलाला फी द्यायची नसते. कोणी मागितलीच, तर समितीकडे तक्रार करावी.

वकिलाचे दुसरेही एक काम आहे. वाटणीच्या दाव्यात मूल प्रतिवादी असेल आणि घरात योग्य माणूस नसेल, तर कोर्ट दाव्यापुरता पालक नेमते, बऱ्याचदा वकिलालाच. कौटुंबिक न्यायालय न्यायमित्राची मदत घेऊ शकते. दाव्यापुरता नेमलेला वकील आईचाही नसतो, चाचाचाही नसतो. त्याने लेकराचे हित पाहायचे असते. त्याच्यापुढे सातबारा, मृत्यूचा दाखला, बँकेचे पासबुक खुलेपणाने ठेवा. मुलाला पढवून पाठवू नका. समजत्या वयाच्या मुलाची इच्छा कोर्ट विचारात घेऊ शकते.

कोर्टाची पायरी चढली की घराची अब्रू गेली, असे वडीलधारे म्हणतात. पण यतीमाचा माल त्याच्या हवाली करताना साक्षीदार ठेवा, ही ताकीद सूरह निसामध्येच आहे. ज्याची नियत साफ, त्याला हिशेब देताना भीती कसली? माल अमानत आहे, एवढे आपण सगळ्यांनी लक्षात ठेवू या.