घोट्याला कलम : आपले की परक्याचे?

कबड्डीत पाय मुरगळला, ही आपल्याकडे बातमीच नव्हे. हळद-मिठाचा लेप, चार दिवस लंगडणे आणि पुन्हा मैदान! बहुतेकांचे त्यावर निभावतेही. काहींचा घोटा मात्र सहा-आठ महिन्यांनंतरही आतून ठणकत राहतो, जिना उतरताना अडकतो. एक्स-रेत काही सापडत नाही. मग एमआरआय केल्यावर कळते, की घोट्यातल्या टॅलस या हाडावरची कूर्चा (मुलांच्या कन्नड पुस्तकातली ‘मृद्वस्थि’) खालच्या हाडासकट दुखावली आहे.

मोडलेले हाड जुळते, फाटलेली कातडी भरून येते. कूर्चेचे तसे नाही. तिच्यात रक्तवाहिन्याच नसतात. एकदा गेलेली कूर्चा परत येत नाही, हे विल्यम हंटर या शरीरशास्त्रज्ञाने १७४३ सालीच नोंदवून ठेवले आहे. त्यात टॅलसला एकही स्नायू चिकटलेला नसतो आणि त्याचा निम्म्याहून अधिक पृष्ठभाग कूर्चेनेच झाकलेला असतो. रक्ताला आत शिरायला वाटा थोड्याच.

जखम लहान, साधारण एक सेंटीमीटरच्या आतली असेल, तर दुर्बिणीतून हाडाला बारीक भोके पाडतात. त्यातून आलेल्या रक्ताची खपली धरून डागडुजी होते. पण ती मूळच्या कूर्चेइतकी टिकाऊ नसते. जखम मोठी असेल किंवा हा उपाय फसला असेल, तर कलमाचा विचार होतो.

अशा वेळी घरातली वडीलधारी मंडळी चटकन म्हणतात, “आपले ते आपले, परक्याचे कशाला?” बोलणे अगदीच चुकीचे नाही. स्वतःच्या गुडघ्यातून, जिथे भार कमी पडतो अशा कडेवरून, हाड आणि कूर्चा यांची बुचासारखी गोल नळी काढून घोट्यात बसवतात. पेशी जिवंत, रोगाच्या संसर्गाची धास्ती नाही, हाडही चांगले सांधते. परंतु हे कलम फुकट मिळत नाही. त्याची किंमत धडधाकट गुडघा मोजतो. काही रुग्णांचा घोटा सुधारतो आणि गुडघा दुखू लागतो. पंगतीला मांडी घालणाऱ्या, उकिडवे बसून भांडी घासणाऱ्या किंवा शेतात भांगलण करणाऱ्या माणसाला ही किंमत खुर्चीवरच्या माणसापेक्षा जड पडते, असे मला वाटते.

दात्याच्या कलमात गुडघा वाचतो. शिवाय मृत दात्याच्या टॅलसमधूनच हव्या त्या आकाराचा तुकडा मिळत असल्याने हाडाची मोडलेली कड एकसंध उभी करता येते. मूत्रपिंडाच्या रोपणासारख्या कायमच्या गोळ्याही सहसा लागत नाहीत. अडचण वेगळीच आहे. हे कलम ताजे हवे. चार अंश सेल्सियसला ठेवले तरी त्यातल्या पेशी दिवसागणिक मरत जातात, म्हणून महिनाभरात ते बसवावे लागते. त्यातले काही दिवस रोगचाचण्यांतच जातात. आजवरच्या अभ्यासांत दात्याच्या कलमावर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण अधिक दिसते. मात्र ते मुळात मोठ्या जखमांनाच वापरले जाते, हेही ध्यानात घ्यावे.

आपल्या देशात असे ताजे कलम मिळणे दुर्मीळच. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाची ऊतीपेढी १९८८ पासून चालू आहे. पण तेथील हाड सुकवून गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेले असते. पोकळी भरायला ते उत्तम, जिवंत कूर्चेची जागा ते घेत नाही. देहदानाची आपल्या भागाला चांगली ओळख आहे, पण रसायनात ठेवलेल्या देहाचाही इथे उपयोग नाही.

तेव्हा इथल्या बहुतेकांपुढे प्रश्न उरतो तो स्वतःच्या गुडघ्याचाच. डॉक्टरांना स्पष्ट विचारावे : जखम किती मिलिमीटरची? गुडघ्यातून किती नळ्या काढणार? घोट्याचे हाड कापून वाट करावी लागेल का? किती आठवडे पाय टेकायचा नाही? आणि पुढे मांडी घालून बसता येईल का? हा शेवटचा प्रश्न डॉक्टर आपणहून काढतीलच असे नाही.