बायोप्सी म्हणजे त्वचेला विचारलेला प्रश्न

दोस्तांनो, तालमीत जाणाऱ्या पोराच्या अंगावर गजकर्ण उठलं, तर कोल्हापुरात कुणाला नवल वाटत नाही. डॉक्टर वरचा कोंडा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, औषध देतात, काम झालं! पण एखादा चट्टा नुसता बघून ओळखता येत नाही. मग डॉक्टर म्हणतात, "बायोप्सी करू या." झालं! घरातले सगळे गप्प. कारण हा शब्द बहुतेकांनी कॅन्सरबरोबरच ऐकलेला असतो.

खरं म्हणजे बायोप्सी हा आजार नव्हे. इसब आहे, सोरायसिस आहे की आणखी काही, हे त्वचेलाच विचारायची ती एक रीत आहे.

दुखतं का? खरं सांगायचं तर इंजेक्शन टोचतं आणि काही सेकंद चुरचुरतं. मग तेवढीच जागा बधिर होते. नंतर दाबल्यासारखं वाटतं, पण दुखत नाही. दुखलंच तर लगेच सांगायचं, डॉक्टर आणखी औषध देतात. गोल पात्याच्या छोट्या हत्याराने बहुधा ३ ते ४ मिलिमीटरचा तुकडा काढतात. पेन्सिलीमागच्या खोडरबरापेक्षाही लहान! मग एखाद-दुसरा टाका आणि पट्टी. बघायचं नसेल तर मान फिरवून खुशाल गप्पा मारा.

तो तुकडा फॉर्मेलिनच्या बाटलीतून प्रयोगशाळेत जातो. तिथे तो मेणात बसवून केसापेक्षा कितीतरी पातळ काप काढतात आणि रंग देतात. पेशींची केंद्रकं जांभळी-निळी, बाकीचा भाग गुलाबी दिसतो. कुष्ठरोगाची शंका असेल तर वेगळा रंग वापरतात. जंतू असले तर त्यात लाल काड्यांसारखे दिसतात. या सगळ्याला वेळ लागतो, म्हणून रिपोर्टला काही दिवस थांबावं लागतं.

घरी आल्यावर पट्टी पहिला दिवस कोरडी ठेवायची. टाके तोंडावरचे साधारण आठवड्यात, हातापायांवरचे १० ते १४ दिवसांनी काढतात. तोवर पंचगंगेत डुंबणं बंद आणि आखाड्यातली मातीही बंद! रक्त आलं तर स्वच्छ कापडाने १०-१५ मिनिटं दाबून धरा. तरीही थांबलं नाही, किंवा लाली वाढली, पू आला, ताप आला, तर डॉक्टरांना दाखवा. एक बारीक व्रण मात्र राहतो.

आता एक महत्त्वाचं. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर लपवू नका. तो कुष्ठरोग असू शकतो. पण तो औषधाने पूर्ण बरा होतो. ६ किंवा १२ महिन्यांचं हे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. उशीर झाला तर मात्र नसा दुखावतात आणि ते नुकसान मग भरून निघेलच असं नाही. म्हणून आईबाबांना आजच सांगा आणि आपल्या थोरल्या दवाखान्यात, म्हणजे सीपीआरमध्ये, दाखवून या. आणि हो, वर्गातल्या कुणाच्या अंगावर चट्टा दिसला तर त्याला चिडवायचं नाही. त्याच्यासोबत दवाखान्यात जायचं. कळलं ना?